बोरसे मॅडमच्या सोळा नक्ष्या

बोरसे मॅडम मान खाली घालून चालायच्या. कॉलेजात नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, बाई कशाने तरी खचल्या आहेत. ते अगदीच खोटं होतं असं नाही, पण मान खाली असायची ती फरशीसाठी. जळगावातल्या निम्म्या दुकानांची, दोन-तीन दवाखान्यांची, एस. टी. स्टँडची आणि ज्या ज्या घरी त्या कधी भेटायला गेल्या असतील त्या प्रत्येक घराची फरशी त्यांना पाठ होती. माणसांची नावं मात्र राहायची नाहीत. "ते हो, ज्यांच्या ओट्यावर काळी-पांढरी आहे," असं म्हणायच्या, आणि कोण ते आपण ओळखायचं.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होतो. गणिताचा वर्ग माझ्या वाचनालयाला लागून होता, मधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. त्यामुळे मनात नसताना मी एकोणीस वर्षं गणित ऐकलं.

त्यांचं नाव शैलजा. माहेर शिरपूरकडचं, लग्न होऊन जळगावात आल्या, घर मेहरूणला. अंगाने किरकोळ, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डबा, तपासायचे पेपर आणि तीन वस्तू कायम असायच्या: पावडरच्या जुन्या डबीतला गोल आरसा, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि एक टाचणी. कुठेही नक्षी दिसली की त्या तिच्यावर आरसा उभा धरून बघत. मग ट्रेसिंग पेपरवर तेवढीच उतरवून घेत, टाचणीने मधोमध टोचत आणि कागद हळूहळू फिरवत. जुळलं की "हं" म्हणत. नाही जुळलं तरी "हं"च म्हणत.

"थकायला झालंय" हे त्यांचं पालुपद होतं. सकाळी साडेसातला भेटल्या तरी हेच. त्यात तक्रार नसायची. दुसरी माणसं "काय म्हणता" म्हणतात तसं त्या ते म्हणायच्या. घरी सासूबाई होत्या, नवरा किराणा मालाच्या एजन्सीत फिरतीवर, मूल नाही. कॉलेजात वेळापत्रक, परीक्षेची बैठकव्यवस्था, गॅदरिंगची रांगोळी, जे काम कुणालाच नको ते फिरत फिरत त्यांच्याकडे यायचं. त्या नाही म्हणायच्या नाहीत. नाही म्हणायलाही जोर लागतो, असं एकदा त्यांनी मला सांगितलं होतं.

वर्गात मात्र आवाज बदलायचा.

"पुन्हा पुन्हा येणारी कुठलीही नक्षी घ्या," त्या सांगायच्या. "लुगड्यावरची घ्या, फरशीवरची घ्या. ती चारी बाजूंना अशीच पसरत गेली आहे असं समजा. मी डोळे मिटते. तुम्ही ती अख्खी नक्षी उचला, काहीतरी करा, परत ठेवा. मी डोळे उघडल्यावर तुम्ही ती हलवली हे मला कळता कामा नये. असं काय काय करता येईल?"

मुलं सांगायची. सरकवता येईल. फिरवता येईल. आरशात उलटी करता येईल. चौथं उत्तर येत नसे. मग एके वर्षी मला पार्टिशनपलीकडून ओल्या पायांचा चपचप आवाज आला. उठून पाहिलं तर मॅडम व्हरांड्यातल्या नळावर पाय धुऊन आल्या होत्या आणि साडी जराशी वर धरून वर्गाच्या कोरड्या फरशीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होत्या. मागे पावलं उमटत होती. डावं, उजवं, डावं, उजवं.

"डावं पाऊल आरशात पाहिलं की उजवं होतं," त्या म्हणाल्या. "पण ते डाव्याच्या शेजारी पडत नाही. थोडं पुढं पडतं. उलटायचं आणि सरकवायचं, दोन्ही एकदम. हे चौथं."

कुणी हसलं नाही. पावलं वाळेपर्यंत सगळे बघत राहिले, मीसुद्धा.

या चार गोष्टींची जुळणी सतरा तऱ्हांनी होते. सोळा नाही, अठरा नाही. जगातली कुठलीही नक्षी, कुठल्याही काळातली, या सतरांपैकी एकीत बसते. पुस्तकात या सतरांना इंग्रजी अक्षरं आणि आकडे आहेत. मॅडमनी त्यांना आपली नावं दिली होती. विटांच्या भिंतीची ती विटकर. साध्या चौकोनी फरशीची ती चौक. पावलांसारखी ती पाऊलवाट. आरशात न जुळणाऱ्या पण फिरवल्यावर जुळणाऱ्या त्या भिंगऱ्या: दुपाती, तीनपाती, चारपाती, सहापाती. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पाचपाती?"

"पाच पाकळ्यांचं फूल होतं," मॅडम म्हणाल्या, "फरशी होत नाही. घरी जाऊन कागद कापून बघ. उद्या मला सांग का होत नाही ते."

ती मुलगी धरणगावहून रोज बसने यायची. रोहिणी तिचं नाव. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर कागदी पंचकोन घेऊन आली आणि ते जुळवताना मधे फटी कशा राहतात ते तिने सगळ्या वर्गाला दाखवलं. मॅडमनी त्यातला एक पंचकोन हजेरीपटात जपून ठेवला होता.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये जुनी फरशी होती. शंकरपाळ्याच्या आकाराचे तीन रंगांचे तुकडे, लांबून बघितलं की ठोकळे रचून ठेवल्याचा भास व्हायचा. एका बैठकीत प्राचार्य निकालावर बोलत होते आणि मॅडम खाली बघत होत्या. प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, काही पडलंय का तुमचं?"

"नाही सर. ही फरशी सहाची वाटते, पण दोनाचीच आहे."

"म्हणजे?"

"रंग नसते तर सहा वेळा फिरवून सारखीच दिसली असती. तीन रंग वापरल्यामुळे आता फक्त अर्धा फेरा देता येतो."

प्राचार्यांनी थोडा वेळ फरशीकडे पाहिलं. "मग बदलायची का?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण पुढची पंधरा मिनिटं प्राचार्य अधूनमधून खाली बघत होते, हे मी पाहिलं.

या सतरा नक्ष्या खानदेशात सापडतात का, हा त्यांचा शोध होता. पुस्तकातल्या चित्रांत नाही, इथं, आपल्या माणसांनी केलेल्या. पूर्वी त्यांनी यावर पीएच.डी. करायचं ठरवलं होतं. मार्गदर्शकांनी सांगितलं, सतराच प्रकार आहेत हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय, तुम्ही यात नवीन काय करणार. मॅडम म्हणाल्या, "सिद्ध झालंय ते मला माहीत आहे सर. आपल्याकडच्या लोकांना ते न शिकता जमलंय का, ते बघायचंय." मार्गदर्शकांनी कागद परत दिले. पीएच.डी. नाही म्हणून बढती नाही. मॅडमनी एक लांब रजिस्टर घेतलं, त्यात प्रत्येक नक्षीला चार पानं राखली आणि काम सुरू ठेवलं.

नियम कडक होते. मुद्दाम काढून घेतलेली नक्षी चालणार नाही. कंप्युटरवरची चालणार नाही. जिथं सापडली तिथं स्वतः जाऊन, आरसा आणि टाचणी लावून बघायचं. केळीच्या पॅकिंग हाऊसच्या सिमेंट जाळीसाठी त्या रावेरला दोनदा गेल्या, कारण पहिल्यांदा तिथं ट्रक लावलेला होता आणि जाळी अर्धीच दिसत होती.

पंधरावी नक्षी सापडली तेव्हा मी तिथं होतो. त्यांच्या मिस्टरांना पक्षाघाताचा झटका आला होता. दुपारी मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. मॅडम वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी उजवी बाजू गेल्याचं सांगितलं होतं, बोलणं परत येईल याची खात्री नव्हती. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "वाणी सर, तो पडदा बघा."

वॉर्डाच्या दाराला हिरवा पडदा होता. त्यावर वेली, एक पान डावीकडे, त्याच्या जरा वर एक उजवीकडे.

"पाऊलवाट आहे," त्या म्हणाल्या. "वेली खूप मिळतात, पण शेजारची वेल उलटी छापतात, मग ती दुसरीच नक्षी होते. ही बरोबर आहे. मी सहा वर्षं शोधत होते."

त्यांनी पिशवीतून आरसा काढला, उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. आरसा तसाच हातात होता. मग परत येऊन बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "मला बरं वाटलं हो ती दिसल्यावर. आत्ता, या वेळेला. कसली बाई आहे मी."

मी डब्याचं झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं. दुसरं काही करता आलं नाही. नोंद त्यांनी आठवड्याने केली. ठिकाणाच्या रकान्यात नुसतं "दवाखाना" लिहिलं.

त्यानंतर मिस्टर अंथरुणावरच राहिले. सासूबाई त्याच वर्षी गेल्या. मॅडमचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. मिस्टरांचं अंग पुसणं, औषध, खाणं, मग शेजारच्या बाईंना बसवून कॉलेज. दुपारी घरी एक फेरी, परत कॉलेज. आता "थकायला झालंय" म्हणताना त्यांचा आवाज खरंच खाली जायचा. तरीही सोळावी सापडली, ती रावेरच्या जाळीतली. राहिली एकच, तीनपाती भिंगरी. फेऱ्याचा तिसरा भाग फिरवला की जुळणारी, आरशात न जुळणारी, दुसरं काही नाही.

तीनपातीवरून जे घडलं, ते सांगायलाच मी हे लिहितोय.

कॉलेजचं श्रमशिबिर त्या वर्षी शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात होतं. मी व्यवस्थेला होतो. मॅडम एका दिवसासाठी आल्या आणि दुपारच्या बसने परतणार होत्या. बस दिसायला लागली तेवढ्यात त्यांना एका घरासमोर खुंटीला टांगलेलं बांबूचं डालगं दिसलं, कोंबड्या झाकायचं. तीन दिशांनी पट्ट्या, मधे भोकं. त्यांनी घाईने मोबाइलवर फोटो काढला आणि बस पकडली.

चार दिवसांनी त्या वाचनालयात आल्या आणि माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"मिळाली," म्हणाल्या.

फोटोवरून त्यांनी ट्रेसिंग केलं होतं. तीन पट्ट्या एकमेकींत अडकून जो त्रिकोण होतो, त्याच्या मधोमध टाचणी. पहिली पट्टी दुसरीच्या वर, दुसरी तिसरीच्या वर, तिसरी पहिलीच्या वर. कागद तिसरा भाग फिरवला की सगळं जुळत होतं. आरशात जुळत नव्हतं. मला कळण्यापुरतं त्यांनी तीनदा करून दाखवलं. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या पोटात ते राहिलं नाही. दुपारी प्राचार्यांना सांगितलं. ही चूक माझी.

त्या दिवसांत गणित विभाग बंद करायचं चाललं होतं. तिन्ही वर्षं मिळून सात विद्यार्थी. महिन्याभरात मूल्यांकन समिती येणार होती. प्राचार्यांनी बातमी दिली. पेपरात मॅडमचा फोटो आला, वर मोठ्या अक्षरांत सतरावी नक्षी सातपुड्यात सापडल्याचं. संस्थेचे अध्यक्ष कॉलेजात आले, मॅडमच्या सत्काराची तारीख ठरली आणि विभाग राहील असं तोंडी सांगून गेले. रोहिणी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. विभाग बंद झाला तर वडील दुसऱ्या गावी पाठवणार नाहीत हे तिने आम्हाला आधीच सांगितलं होतं. त्या दिवशी तिने वर्गात पेढे वाटले.

मॅडमनी एकच अट घातली. ज्यांनी डालगं विणलं त्यांचा सत्कार आधी. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही दोघं आमंत्रण द्यायला गेलो.

विणणाऱ्यांचं नाव सुकलालआबा. सत्तरीचे, हडकुळे, कमरेत जरा वाकलेले. अंगणात बसून नवं डालगं विणत होते. मॅडम त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलल्या. जळगावात त्यांची ती बोली मी कधी ऐकली नव्हती. सत्काराचं ऐकून आबा म्हणाले, "कसानं बक्षीस, बाई? डालगं तं मी रोज करस." मग जरा विचार करून विचारलं, "टोपी घाली येऊ का?"

आम्हाला चहा दिला आणि आबा परत कामाला लागले. मॅडम पहिल्यांदाच ते निवांत बघत होत्या. आबा डालगं गुडघ्यावर घेऊन एक पट्टी ओवत, डालगं थोडं फिरवत, परत एक पट्टी ओवत, परत थोडं फिरवत. मॅडमनी विचारलं, एवढं का फिरवता.

"भोक धरीसनच इनानं पडस," आबा म्हणाले, म्हणजे भोक धरूनच विणावं लागतं. त्यांनी एका भोकात बोट घातलं आणि डालगं त्या बोटाभोवती फिरवून दाखवलं. "आठे देखा. सहादा फिराव, सहादा सारखंच दिसस."

मॅडमनी आबांच्या हातातून डालगं घेतलं, स्वतःचं बोट त्या भोकात घातलं आणि हळूहळू फिरवलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग खाली ठेवलं. आबांना नमस्कार केला आणि निघालो.

बसने चोपडा सोडलं. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "वाणी सर, ही तीनपाती नाही. सहापाती आहे. ती माझ्याकडे आहे, धरणगावच्या दुकानाच्या जाळीतली." थोड्या वेळाने परत म्हणाल्या, "मी पट्ट्यांवर टाचणी लावली. भोक रिकामं, म्हणून तिथं लावलीच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाने ही चूक केली असती तर मी त्याला उभं केलं असतं. फोटो बघितला तेव्हा ह्यांना ताप होता, दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. पण ते काही कारण नाही."

"कुणाला कळणार आहे मॅडम?" मी म्हणालो. म्हणालो खरा.

"तुम्हाला कळलं. मला कळलं. आबांना तर आधीपासूनच माहीत होतं."

सोमवारी त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही. समिती येऊन जाऊ द्या. फक्त पंधरा दिवस थांबा."

"पंधरा दिवस मुलांना काय शिकवू?" मॅडमनी विचारलं.

पेपरला द्यायचं पत्र त्यांनी त्याच दिवशी लिहिलं, पण दिलं नाही. दोन दिवस ते पिशवीत डब्याखाली होतं. मधल्या सुट्टीत त्या वाचनालयात येऊन बसायच्या, पत्र काढायच्या, वाचायच्या, परत ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "रोहिणीचं काय होईल हो?" तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रोहिणीला बोलावलं, कागद आणि टाचणी दिली आणि डालग्याचा फोटो पुढे ठेवला. काही सांगितलं नाही. रोहिणीने पाऊण तास घेतला. मग वर बघून हळूच म्हणाली, "मॅडम, भोकात सहा येतात."

मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाऊन पत्र टाकून आल्या.

आतल्या पानावर चार ओळी छापून आल्या. सत्कार रद्द झाला. आबांच्या नातवाच्या फोनवर मी दोनदा लावून पाहिलं, तो बंद होता, आणि मग माझ्याकडून राहून गेलं.

ठरलेल्या दिवशी साडेदहाला शिपाई येऊन म्हणाला, गेटवर एक म्हातारबाबा आलेत, सत्काराला आलोय म्हणतात. मी बाहेर गेलो. सुकलालआबा पांढरी टोपी घालून उभे होते, हातात नवं कोरं डालगं. तीन बस बदलून आले होते. कॉलेजात कसली गडबड नाही, मांडव नाही, हे बघून ते जरा बावरले होते. मी त्यांना वाचनालयात बसवलं आणि मॅडमना बोलावलं. मॅडम दारातच थांबल्या. मग आत आल्या आणि वाकून त्यांच्या पाया पडल्या.

"कार्यक्रम कोठे शे?" आबांनी विचारलं.

मॅडमनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हाऊच कार्यक्रम शे, आबा."

त्यांनी सातही विद्यार्थ्यांना बोलावलं. मी आणि शिपायाने टेबलं बाजूला सारली. सत्कारासाठी आणलेली शाल ऑफिसच्या कपाटात होती, ती मी कुणाला न विचारता काढून आणली. मॅडमनी आबांना शाल पांघरली आणि मुलांना सांगितलं, "मी एक चूक केली होती. या आबांनी ती दुरुस्त केली. आज ते शिकवतील."

आबांना आधी काही सुचेना. मग त्यांनी डालगं गुडघ्यावर घेतलं, आणि हात कामाला लागल्यावर बोलणं आपोआप आलं. "पट्टीकडे देखू नका," मुलांना म्हणाले, "भोककडे देखा." मुलं त्यांच्याभोवती जमिनीवर बसली. मॅडम सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. जवळजवळ तासभर हे चाललं. मधे प्राचार्य व्हरांड्यातून गेले, दारापाशी थांबले, टोपी-शालीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. थोड्या वेळाने त्यांच्या केबिनमधून सगळ्यांसाठी चहा आला.

समिती आली, गेली. पुढच्या वर्षी गणित विभाग बंद झाला. बातमी तशीच राहू दिली असती तर तो वाचला असता का, हे मला आजही सांगता येणार नाही. मॅडमना परीक्षा विभागात टाकलं. तिथं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, बैठक क्रमांक चिकटवायचे. रोहिणीला वडिलांनी घरी बसवलं. मॅडम रविवार धरून धरणगावला जायच्या. पहिल्या वेळी वडील भेटलेच नाहीत. दुसऱ्या वेळी भेटले, चहा दिला आणि नाही म्हणाले. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी धुळ्याला आपल्या मोठ्या बहिणीच्या घरी राहील, मी जबाबदार, असं मॅडमनी लिहून दिलं, तेव्हा तिला सोडलं. वर्ष गेलंच. मॅडम म्हणायच्या, "मी केलं ते बरोबर होतं. पण ते त्या पोरीचं एक वर्ष घालवून केलं." आज रोहिणी साक्रीकडे एका शाळेत गणित शिकवते.

मिस्टर गेले, मॅडम निवृत्त झाल्या आणि त्याही धुळ्याला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना रजिस्टर माझ्याकडे देऊन गेल्या. हस्तलिखित नोंदवायला नियमात जागा नव्हती. मी ते तसंच माझ्या कपाटात ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला धुळ्याला गेलो होतो. सकाळी त्यांच्याकडे गेलो. बहिणीला, त्यांच्या अक्कांना, आता फारसं आठवत नाही. त्या मॅडमना दर थोड्या वेळाने तू कोणाची कोण म्हणून विचारत होत्या, आणि मॅडम दर वेळी न चिडता सांगत होत्या. परत तेच: अंग पुसणं, औषध, खाणं. मॅडम खूप बारीक झाल्या होत्या. मी तीनपातीचं विचारलं.

"मुलं फोनवर पाठवतात कुठकुठली," त्या म्हणाल्या. "परदेशातली, कंप्युटरवरची. काढता तर मलाही येते. इथं भेटायला हवी होती." मग म्हणाल्या, "आता शोधत नाही. कंटाळा आला हो."

त्यांनी ते इतक्या सरळपणे सांगितलं की मला समजूत घालायची गरज वाटली नाही.

शेजारच्या बाईंना अक्कांजवळ बसवून त्या मला सोडायला स्टँडपर्यंत आल्या. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. "तेवढंच बाहेर पडणं होतं," म्हणाल्या. जळगावच्या बसला अजून अर्धा तास होता. आम्ही बाकावर बसलो. दुपारचं ऊन, फलाटावर गर्दी, कुणाच्या तरी उसाच्या रसाचा वास. कॉलेजातल्या कुणाकुणाची चौकशी झाली. मॅडमनी पिशवी मांडीवर घेतली, तिच्यावर हात ठेवले.

"मी जराशी टेकस," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या बोलीत त्या कधी बोलल्या नव्हत्या. "मोटर उनी की माले उठाडा, भाऊ."

दोन मिनिटांत त्यांना झोप लागली. मान एका बाजूला कलली, तोंड जरासं उघडं. शेजारी एक बाई तिच्या नातवाला ओरडत होती, समोर कंडक्टर गावांची नावं घेत होते, मॅडमना कशाचाच पत्ता नव्हता. माझी बस लागली. मी उठलो, त्यांच्यापुढे उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. शेजारच्या बाईला हळूच सांगितलं, की अर्ध्या तासाने यांना उठवा, घर जवळच आहे त्यांचं. तिने मान हलवली आणि नातवाला गप्प केलं.

बस निघाली तेव्हा खिडकीतून पाहिलं. माणसं त्यांच्यासमोरून ये-जा करत होती, आणि बोरसे मॅडम झोपलेल्या होत्या.